तीन हाका

श्रीरामपूरकडच्या त्या साखर कारखान्यात एसी असलेल्या खोल्या दोनच होत्या. एक चेअरमन आबासाहेबांची आणि दुसरी कॉम्प्युटरची. आबासाहेबांना गारवा कशाला लागतो, हे कुणी विचारत नव्हतं. दुसऱ्या खोलीतला गारवा मात्र साऱ्या हेड ऑफिसच्या डोळ्यांत खुपायचा, कारण तिथं अश्विनी जगधने बसायची. बौद्धवाड्यातल्या उत्तमरावांची ही पोरगी नगरला इंजिनिअरिंग शिकून आली आणि कानामागून येऊन तिखट झाली, असं लोक म्हणायचे. लोक काय म्हणतात याची अश्विनीला काडीचीही पर्वा नव्हती. तिच्या मते हेड ऑफिसात माणसं दोनच प्रकारची होती, मठ्ठ आणि महामठ्ठ. मठ्ठ माणसं विचारल्यावर उत्तर देत नाहीत आणि महामठ्ठ विचारण्याआधीच देतात.

महामठ्ठांचा मुकुटमणी म्हणजे खरेदी अधिकारी बजरंग. आबासाहेबांचा सख्खा भाचा, एवढीच त्याची पदवी, पण ती कारखान्यातल्या सगळ्या पदव्यांना पुरून उरायची. कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा अश्विनीनं स्पष्ट लिहून दिलं होतं, की सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्का आणा. बजरंग पुण्याला गेला, मित्राच्या दुकानात मिसळ खाल्ली आणि घरगुती कॉम्प्युटरच्या डिस्का खोकंभर घेऊन आला. त्यांच्यावर भिंतीवरचं घड्याळ फुकट मिळालं होतं, ते त्यानं स्वतःच्या टेबलामागं लावलं.

“या घरगुती आहेत,” अश्विनी म्हणाली.

“डिस्क म्हंजी डिस्क, मॅडम. गरागरा फिरती, त्यात साठतं. घरगुती अन् कमर्शियल असं असाया ती काय गॅसची टाकी हाय का?”

खरं सांगायचं तर फरक नेमका काय, हे तेव्हा अश्विनीलाही ठाऊक नव्हतं. कंपनीच्या माहितीपत्रकात तसं छापलं होतं म्हणून तिनं लिहिलं होतं. पण आपल्याला ठाऊक नाही हे बजरंगसमोर कबूल करण्यापेक्षा तिनं त्या डिस्का मुकाट्यानं मशीनमध्ये घातल्या. काही माणसांना हरण्यापेक्षा अडाणी दिसण्याची भीती जास्त असते, आणि अश्विनी त्यातली होती.

डिस्का चार होत्या आणि त्यांचा एक गट होता. माहिती चौघींत अशी वाटून ठेवलेली, की एखादी मेली तरी उरलेल्या तिघींकडून तिच्यातला मजकूर पुन्हा जुळवता यायचा. या रचनेला रेड म्हणतात. हे नाव ऐकून आबासाहेब आधी दचकले होते, आयकर खात्याशी त्याचा संबंध नाही हे कळल्यावर मात्र एकदम प्रसन्न झाले. चौघींवर लक्ष ठेवायला एक कार्ड होतं. ऊसतोडीच्या टोळीवर मुकादम असतो, तसं.

त्या डिस्कांवर होती ती ऊस लागणीची नोंद. कुणी कधी ऊस लावला, त्यावरून कुणाचा ऊस आधी तोडायचा हे ठरायचं. ऐकायला साधं वाटतं. पण अश्विनी येईपर्यंत त्या कारखान्यात ऊस लावल्याच्या क्रमानं कधी तुटलाच नव्हता. आधी संचालकांचा तुटे, मग संचालकांच्या मेव्हण्यांचा, मग ज्याच्या घरी संचालक जेवून गेले त्याचा. उरलेल्यांचा ऊस उन्हाळ्यापर्यंत शेतात उभा राहायचा, त्याला तुरे यायचे, आतून पोकळ पडायचा. उत्तमरावांचा तुकडा दरसाल असाच वाळायचा. लागणीची नोंद करणारा चिटबॉय बांधावरूनच हात हलवायचा, “तुमचं बघू, उत्तमराव.” त्या ‘बघू’त अश्विनीचं सगळं बालपण गेलं. ती इंजिनिअर झाली ती कॉम्प्युटरच्या प्रेमानं नव्हे. जिथं कुणाला ‘बघू’ म्हणता येणार नाही असं काहीतरी तिला हवं होतं, आणि यंदा ते झालं होतं. यादी लागणीच्या तारखेनं निघाली होती आणि उत्तमरावांचा ऊस पहिल्याच फेरीत होता.

जुन्या नोंदवह्यांचं काय झालं, हेही सांगायला हवं, कारण असला पराक्रम दुसऱ्या कुणाला सुचायचा नाही. सगळी नोंद कॉम्प्युटरात गेल्याचं कळताच आबासाहेबांनी शिमग्याला हेड ऑफिससमोर त्या वह्यांची होळी केली. श्रीरामपूरहून फोटोग्राफर बोलावला होता. “जुनं ते जळालं, नवं ते आलं,” असं भाषण झालं, पुरणपोळी झाली, संचालकांनी बोंबाही मारल्या. अश्विनीनं टेपवर वेगळी नक्कल ठेवायचं मशीन मागितलं होतं. “चार डिस्का हायत. एक मेली तर तिघी सांभाळत्यात, तुमीच सांगितलंय. मग आनि टेप कशाला?” असं म्हणून मंडळानं ते नामंजूर केलं.

आता हंगाम तोंडावर आला होता. हंगामाआधी यार्डात पुकारा होतो, ही तिथली जुनी रीत. टोळी शेतात जायची तर मालक जागेवर हवा, म्हणून एकेकाचं नाव घ्यायचं. त्यानं ‘हजर’ म्हणायचं. तीन हाकांत आवाज आला नाही तर तो गैरहजर, आणि त्याचा नंबर यादीच्या तळाला. पूर्वी पुकारा चिटबॉय करायचे. नको असलेल्या माणसाची पहिली हाक ते पुटपुटायचे, दुसरी गिळायचे आणि तिसरी खोकल्यात उडवायचे. अश्विनीनं हे बंद पाडलं. कॉम्प्युटरच्या खोलीच्या खिडकीतून माईकची वायर घेतली, यार्डातल्या कडुनिंबावर कर्णा बांधला आणि मनगटावरचं घड्याळ बघून सारख्या अंतरानं तीन हाका. आमदाराला तेवढ्याच आणि सालगड्याला तेवढ्याच. या घड्याळाचा तिला केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

सोमवारी पुकारा सुरू झाला. खिडकीतून तिला समोरचं सगळं दिसत होतं. तंबाखू मळत बसलेली माणसं, कुणी पेंगतंय, कुणी नाव पुकारल्यावर आधी टोपी सरळ करतंय आणि मग तोंड उघडतंय. तिला या वेळकाढूपणाची मनस्वी चीड होती. माणसानं कसं, विचारलं की सांगावं. झुंबरबाई नावाच्या एका म्हातारीनं तीन हाका होईपर्यंत पदर नीट करण्यातच वेळ घालवला. अश्विनीनं तिला गैरहजर दाखवलं आणि पुढं गेली.

“उत्तमराव जगधने.”

उत्तमराव, म्हणजे अश्विनीचे तात्या, पहिल्याच रांगेत बसले होते. धुतलेलं धोतर, मांडीवर टोपी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. हातपाय सावरले, डोकं शाबूत राहिलं, पण शब्द दाराशी येऊन अडकायला लागला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ज्या माणसाची घोषणा नदीपल्याड ऐकू जायची, त्याला आता पाणी मागायलाही वेळ लागायचा. गावानं त्यांना गेल्यात जमा धरलं होतं. घरात अश्विनी त्यांची वाक्यं त्यांच्याआधीच पुरी करून टाकायची, बहुतेक वेळा चुकीची.

“उत्तमराव जगधने.” दुसरी हाक. तात्यांचं तोंड हलत होतं.

बजरंग खिडकीशी येऊन टेकला. “घरचं मानूस हाय, मॅडम. थांबा की जरा. आमी काय बोलनार हाय?”

नेमकं हेच त्यानं बोलायला नको होतं. अश्विनीनं माईक तोंडाशी ओढला. तिनं घड्याळाकडं पाहिलं, तिसरी हाक दिली, आणि काटा ठरल्या जागी आल्याबरोबर कळ दाबली. गैरहजर. ती पुढच्या नावाकडं वळली तेव्हा तात्यांचं तोंड अजून हलतच होतं.

संध्याकाळी घरी पाऊल टाकलं न टाकलं, तोच तिच्या आईनं, भागिरथीबाईंनी, तोंड सोडलं. “साऱ्या गावाचा न्याव करती, अन् बापाला तळाला घातलंस व्हय गं?”

“आई, नियम सगळ्यांना सारखा. यांच्यासाठी थांबले असते तर उद्या बजरंगानं साऱ्या तालुक्यात डांगोरा पिटला असता.”

“मी…” तात्या म्हणाले.

“कळतंय मला, तात्या. पण ‘हजर’ म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? तीन अक्षरं!”

“मी… ह…”

“राहू द्या आता. झालं ते झालं.”

तात्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि ताटाकडं मान वळवली. अश्विनीला वाईट वाटलं नाही असं नाही. पण आपण बरोबर असल्याचं समाधान इतकं मोठं होतं, की वाईट वाटायला फारशी जागाच उरली नव्हती.

बुधवारी मशीन किंचाळायला लागलं. तिसऱ्या डिस्कसमोरचा हिरवा दिवा लाल झाला होता. कार्डानं तिला गटाबाहेर काढलं होतं. कारण एकच, उत्तर दिलं नाही. अश्विनीनं डिस्क ओढून काढली, तिच्यावर मार्करनं ‘मेली’ असं लिहिलं आणि कपाटावर भिरकावली. बजरंगचा माल, दुसरं काय होणार? त्याच खोक्यातली नवी डिस्क तिनं त्या जागी बसवली. आता नवी भरायची तर उरलेल्या तिघींना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं लागणार होतं. शिमग्यापासून ज्या कोपऱ्याला कुणी हात लावला नव्हता, तोसुद्धा. काम नीट चाललं होतं. दुपारी तिनं डबा उघडला, आणि पहिल्या डिस्कचा दिवा लाल झाला.

दोन डिस्का गेल्या. चारांतल्या दोन गेल्या की उरलेल्या दोघींना काहीच जुळवता येत नाही. पडदा काळा पडला. ऊस लागणीची सगळी नोंद, म्हणजे ज्याच्यासाठी ती गेली काही वर्षं या मूर्खांच्या बाजारात दिवस काढत होती ते सगळं, डब्याचं झाकण उघडायला लागतो तेवढ्या वेळात गेलं.

बजरंग धावत आला. “वाय टू के! मी म्हनतच हुतो. दोन हजार साल लई वंगाळ.”

“अजून नव्याण्णवच चालू आहे, बजरंगराव.”

“मग लवकर आलं.”

पाठोपाठ आबासाहेब आले. श्रीमंत चुलत्याच्या मयताला आल्यासारखा त्यांचा चेहरा होता, वरून दुःख आणि आतून वाटणी. “असू दे, पोरी. यंत्राचं काय अन् मानसाचं काय, गेलं त्ये गेलं. उद्या सकाळी सभासदांना यार्डात बोलवतो. चिटबॉयला हाताशी घिऊन संचालक मंडळ नवी यादी करंल. आमी काय कुनावर अन्याय करनार हाय का?”

हे वाक्य उच्चारताना त्यांच्या आवाजात ओलावासुद्धा आला. संचालकांपैकी एकजण म्हणाला, आता एक टेपचं मशीन घेऊन टाकू. बैल गेल्यावर झोपा करणारी ही मंडळी कारखाना कसा चालवत होती, हे अश्विनीला कधीच उमगलं नाही. कारखाना बहुधा उसाच्याच चांगुलपणावर चालत असावा.

तिनं पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. “दोन गेल्या ना? मग संपलं, मॅडम. देवाघरी,” तो आनंदानं म्हणाला. “चार नवीन पाठवू का? यावेळी घड्याळाऐवजी कॅलेंडर आहे.”

तिनं फोन आपटला. आता एकच सूड हातात होता. बजरंगनं आणलेला माल कचरा आहे, हे उद्या साऱ्या सभासदांसमोर दाखवायचं. तेवढ्यासाठी तिनं कपाटावरची ती ‘मेली’ खाली काढली, हिशेब विभागातून खोलीत आणलेल्या साध्या कॉम्प्युटरला जोडली आणि डिस्कची जागान् जागा वाचून पाहणारा तपासणीचा प्रोग्रॅम लावला. डिस्क थोडी चालली आणि थांबली. आतून टकटक येत होती, पण उत्तर नाही. पडद्यावरचा आकडा जागचा हलेना. “मेलीच की,” अश्विनी म्हणाली आणि बटणाकडं हात नेला. तेवढ्यात शिपाई सांगत आला, की आबासाहेबांनी आत्ताच्या आत्ता बोलावलंय.

आबासाहेबांना फार काही सांगायचं नव्हतं, म्हणून त्यांना फार वेळ लागला. चहा मागवला, सहकाराचा इतिहास सांगितला, दोन फोन घेतले. शेवटी मुद्दा निघाला. कॉम्प्युटर मेला हे उद्या माईकवर अश्विनीनंच सांगायचं होतं. “तुमच्या तोंडनं बरं दिसंल. लोकांचा तुमच्यावर इस्वास हाय.” तिच्या तोंडून तिच्याच कामाचा मर्तिकाचा सांगावा! तिनं चहा तसाच ठेवला आणि ती उठून आली.

खोलीत येऊन पाहते तर पडद्यावरचा आकडा पळत होता. मेलेली डिस्क ती अडलेली जागा ओलांडून पुढं निघून गेली होती आणि सगळं धडधडीत वाचत होती.

अश्विनी खुर्चीत बसली. माहितीपत्रकातलं ते वाक्य, जे न समजता तिनं उतरवलं होतं, ते आता तिला समजलं. सर्व्हरची डिस्क खराब जागेवर अडली तर चटकन सांगून मोकळी होते, की हे मला वाचता येत नाही. मग कार्ड तेवढा तुकडा बाकीच्या तिघींकडून जुळवून घेतं आणि काम पुढं चालतं. घरगुती डिस्कला घरी तिघी सोबतिणी नसतात. तिथं तिनं हात टेकले तर माणसाचं सगळंच गेलं. म्हणून ती हट्टाला पेटते. तीच जागा पुन्हा वाचते, पुन्हा वाचते, आणि तोवर जगाशी एक अक्षर बोलत नाही. घरी माणूस तेवढ्यात चहा पिऊन येतो. कार्ड मात्र चहा पीत नाही. ते ठरल्या वेळेपर्यंत थांबतं आणि फुली मारतं. त्या दोन्ही डिस्का मेल्या नव्हत्या. त्या कामात होत्या. कार्डाला तेवढी सवड नव्हती.

घड्याळ बघून फुली मारणारं ते कार्ड तिला एकाएकी फार ओळखीचं वाटलं. मनगटावर काहीतरी चावल्यासारखं झालं, तसं तिनं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की क्षणभर बजरंगचा रागसुद्धा आठवेना.

मग ती कामाला लागली. आधी बाहेर पडलेली तिसरी डिस्क आता शिळी होती, तिच्यानंतर गटात बदल होऊन गेले होते. खरी गरज होती ती पहिलीची. ती तिनं साध्या कॉम्प्युटरला जोडली, शेजारी कोरी डिस्क लावली आणि एकीचं सगळं दुसरीवर उतरवून घ्यायला सुरुवात केली. साध्या कॉम्प्युटरला घाई नव्हती. डिस्क अडली की तोही थांबायचा. आकडा थिजायचा, आतून टकटक यायची आणि अश्विनी मांडीवर हात ठेवून नुसती बसायची. हे तिला जन्मात कधी जमलं नव्हतं. दोनदा हात बटणाकडं गेला, दोनदा तिनं तो मागं घेतला.

बजरंगनं दार ठोठावलं. “मॅडम, झालं का?” ती बोलली नाही. आकडा नुकताच हलला होता.

जरा वेळानं पुन्हा. “अहो मॅडम, हाय का आत?”

तिसऱ्यांदा त्यानं नुसतीच कडी वाजवली आणि जाऊन आबासाहेबांना सांगितलं, की बाईनं हात टेकले. तीन हाकांत तिचाही निकाल लागला. तिनं मशीन चालूच ठेवलं, खोलीला स्वतःचं कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली आणि ती घरी गेली.

सकाळी यार्ड माणसांनी भरलं होतं. कडुनिंबाखाली टेबल, टेबलावर हिरवं कापड, कापडामागं आबासाहेब आणि त्यांचं मंडळ. प्रत्येकाच्या खिशात आपापल्या मेव्हण्यांची नावं असणार, यात अश्विनीला शंका नव्हती. तिनं कुलूप उघडलं. नक्कल पुरी झाली होती. तिनं ती पहिलीच्या जागी बसवली आणि कार्डाला हातानं हुकूम दिला, की ही जिवंत आहे, हिला आत घे. कार्डानं कुरकुर केली, पण घेतलं. पडद्यावर लागणीची यादी उभी राहिली, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत.

तोवर बाहेर आबासाहेबांनी सुरुवात केली होती. “सभासद बंधूंनो, जड अंतःकरनानं सांगावं लागतंय…”

कर्णा मध्येच खरखरला. “यादी सापडली आहे,” खिडकीतून अश्विनीचा आवाज आला. “सगळी. जशीच्या तशी.”

यार्डात एकदम गलका झाला. आबासाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जड अंतःकरण वाटेतच उतरवून ठेवावं लागलं होतं. पण मुरलेला माणूस. लगेच म्हणाले, “हेच सांगत हुतो! म्हटलं हुतं ना, आपलं मशीन असंतसं न्हाई?” आणि सगळ्यांत आधी टाळी त्यांनीच वाजवली. बजरंगनंही वाजवली. कशासाठी, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नसावं.

अश्विनी थांबली नाही. “सोमवारी तीन हाकांत जे बोलले नाहीत त्यांना मी गैरहजर धरलं होतं. माझी चूक झाली. त्या सगळ्यांना मी आज पुन्हा पुकारणार आहे. एवढंच नाही, तर उत्तर येईपर्यंत थांबणार आहे.”

“आनि न्हाईच आलं तर?” बजरंग खिडकीशी आला. “दिवस मावळंस्तवर बसायचं का? तीन हाकांची रीत हाय. आज्या-पंज्यापासून.”

“ती रीत ज्यांना नावं गाळायची होती त्यांच्या सोयीची होती, बजरंगराव. मीही तीच पाळली, घड्याळ लावून. तुमच्यापेक्षा मी शहाणी, एवढाच काय तो फरक होता, आणि त्यानं काही बिघडायचं थांबलं नाही.”

माणसांत कुजबुज झाली. बापासाठी चाललंय सगळं, असं कुणीतरी ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणालं. म्हणणारच होते. सोमवारी याच कुजबुजीला भिऊन तिनं ती कळ दाबली होती. आज तिनं ती ऐकली आणि गैरहजरांच्या यादीत तळापासून वर जात पहिलं नाव घेतलं.

एकजण पाणी प्यायला गेला होता, तो धावत आला. एक कानानं अधू होता, त्याला शेजाऱ्यानं कोपर मारलं. एकाच्या नावाला फार वेळ शांतता राहिली, मग रस्त्यापलीकडून चप्पल हातात घेऊन तो “हजर, हजर” करत आला आणि लोक हसले.

“उत्तमराव जगधने.”

तात्या पहिल्याच रांगेत होते. तेच धोतर, तीच टोपी मांडीवर. शेजारी भागिरथीबाई पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या. तात्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

यार्डात आधी कुणी खोकलं. मग खोकणंही बंद झालं. आबासाहेबांनी मनगट वर करून घड्याळ पाहिलं. बजरंग खिडकीतून आत वाकून कुजबुजला, “तुमीच म्हना की ‘हजर’. पोटची लेक हाय, चालतंय.” अश्विनीच्या ओठांवर तो शब्द आलाच होता. दोन वर्षं ती त्यांचे शब्द असेच त्यांच्या तोंडातून काढून घेत आली होती. तिनं माईक तोंडापासून लांब धरला आणि ती वाट बघत राहिली. तात्यांच्या मानेची शीर ताणली गेली होती. त्यांची नजर खिडकीवर होती, आणि त्या नजरेत कसलीही अडखळ नव्हती.

“ह…” तात्या म्हणाले. “हजर.”

कुणीतरी सुस्कारा सोडला. अश्विनीनं कळ दाबायला बोट उचललं. पण तात्यांचं तोंड अजून मिटलं नव्हतं. त्यांना आणखी काही बोलायचं होतं. तिनं बोट तसंच हवेत धरलं आणि पुन्हा वाट पाहिली.

“मी…” तात्या म्हणाले, “मी… सोमवारी बी… हुतो.”

माईक त्यांच्यापाशी नव्हता, तरी ते यार्डभर ऐकू गेलं. अश्विनीनं कळ दाबली. समोरचा पडदा तिला नीट दिसत नव्हता. पुढचं नाव झुंबरबाईचं होतं. ते वाचायला तिला बराच वेळ लागला, आणि यार्डातली सगळी माणसं तिच्यासाठी थांबली.